नाव कमी केलं

सीपीयू त्यांनी थर्माकोलच्या खोक्यातून आणला,
ज्यातून काल इसवण गेली असेल गोव्याला.
झाकण काढलं तर आधी वास आला, मग वायरी.
दांडीपासून भरडापर्यंत चालत, भर उन्हात.
"भाच्यान खाता काढून टाकल्यान,"
मोरेश्वर खवणेकर म्हणाले,
"मशीन हळू चलता म्हणान."
मशीनने विचारलं असेल त्याला, फायली ठेवू की पुसू?
एकोणीस वर्षांचं बोट.
पुसून टाक.

मी विचारलं, त्यानंतर काही केलंत का यावर?
काही लिहिलंत, उतरवून घेतलंत, एखादा सिनेमा?
नाही. बंद करून वर गोधडी घातली होती.
शहाणा माणूस.

कारण काका, पुसतात म्हणजे पुसत नाहीत.
रेशनकार्डावरून नाव कमी करतात ना, तसं.
माणूस पडवीत बसलेलाच असतो, पान जुळवत,
फक्त त्याचे गहू येत नाहीत.
दुसरं कुणी येऊन त्याच्या जागेवर टेकेपर्यंत
असतो तो.

"बसलेलो आसतलो मगे?"
बहुतेक, म्हटलं.
या धंद्यात बहुतेकच्या पुढे जाऊ नये.

डिस्क काढली, माझ्या मशीनला जोडली, फक्त वाचण्यापुरती.
साडेतीन तास.
हिरवी पट्टी मुंगीच्या पायाने सरकत होती.
मध्येच वीज गेली, इन्व्हर्टर कण्हला, वीज आली.
ते स्टुलावर, दोन्ही मुठी गुडघ्यांवर आवळून,
रापणीचा दोर हातात असावा तसे:
जाळं अजून लांब, दिसत काहीच नाही,
नुसतं जड लागतंय.

आणि आलं ते सगळं एकदम आलं,
बांगड्याबरोबर चप्पल, शेवाळ, कुणाची तरी बाटली.
एकाही फाइलला नाव नाही. आकडे नुसते.
मुलीच्या लग्नातला फोटो, कमरेखाली राखाडी.
पतपेढीचं व्याज. लाइटबिल. लाइटबिल. परत लाइटबिल.
मग त्यांची अकरा वर्षांची यादी,
वाऱ्यांची नावं, होडीच्या एकेका फळीची,
दोराला मारायच्या एकेका गाठीची,
जी उघडली तर पडद्यावर कंस, टिंबं, डॉलरची चिन्हं.
घाबरले ते.
जुना फॉन्ट आहे हो, म्हटलं, थांबा.
तो कुठून कुठून शोधून घातला
आणि ओळी शुद्धीवर आल्या.
"मतलई," त्यांनी वाचलं, मोठ्याने,
दुकानात दुसरं कुणी नसताना.

चारशे बारा नंबरला एक पत्र निघालं.
चि. दिगंबर यास,
घराकडे पाऊल टाकू नको असं मी बोललो ते
आणि पुढे काही नाही.
तारीख दहा वर्षांपूर्वीची, रात्रीचे पावणेदोन.

"ह्या भाच्यान नाय," ते म्हणाले.
"ह्या मीच पुसललंय."

मशीनला कुठे कळतं, कोणी पुसलं.
भाच्याने जागा हवी म्हणून, बापाने लाज वाटली म्हणून.
त्याला एवढंच दिसतं
की इथे अजून कुणी बसलेलं नाही.

घेऊ का पेनड्राइव्हवर?
बाहेर सिलिंडरचा टेम्पो मागे येत होता,
किन्नर दोन्ही हातांनी ये ये करत होता,
गटारापासून वीतभर अंतरावर
त्याने पत्र्यावर थाप मारली.
"नाव काय देतलंस, बाये?"
तुम्ही सांगाल ते.
टेम्पो निघून गेला तरी ते तिकडेच बघत होते.
"आकडोच ऱ्हवांदे."

सहाशे झाले होते, पाचशे घेतले.
पेनड्राइव्ह त्यांनी बंडीच्या आतल्या खिशात ठेवला,
वरून दोनदा चाचपला,
आणि सीपीयू काखेत मारून उतरले,
खोकं विसरून.

ते मी त्याच संध्याकाळी टाकलं.
आज आठवा दिवस. गिऱ्हाईक आत येतं,
नाक वर करतं,
आणि विचारतं, इसवण कुठली गो?